जे वेगळं आहे ते तपासा, जे सारखं आहे ते माना: खासगी वैमानिक परवान्याचे नियम ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
खासगी वैमानिक परवान्याचे नियम ठरवणारे व राबवणारे सर्व अधिकारी,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. दुपारी माझी कागदपत्रं एका कार्यालयातून तिसऱ्यांदा परत आली. आणि रात्री भाच्याचा फोटो आला. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या विमानतळावर, सेस्ना १७२ या चार सीटच्या विमानाच्या पंखाखाली उभा, हातात हेडसेट. भाचा विमान शिकला विदर्भात. त्याचा परवाना भारतीय. नोकरीसाठी तिकडे गेला आणि काही आठवड्यांत तिथलं विमान स्वतः उडवू लागला. मी मात्र विमान शिकले त्याच लिव्हरमोरला. माझा परवाना अमेरिकन. मी माझ्या देशात परत आले, त्याला आता तीन वर्षं होतील. इथे मी स्वतःच्या जबाबदारीवर एकही उड्डाण केलेलं नाही.

भाच्याचं कौतुकच आहे. त्याला मिळालं ते योग्यच मिळालं. पण तो फोटो बघून मला रात्री झोप लागली नाही, आणि हे पत्र तेव्हाच मनात लिहायला घेतलं.

मी हडपसरची. आमच्या गच्चीवरून ग्लायडिंग सेंटरची ग्लायडर दिसायची. विंचने ओढून वर गेलेलं ग्लायडर दोर सोडायचं आणि मग कसलाही आवाज न करता आमच्या डोक्यावरून वळायचं. बाबा हातातलं काम टाकून बघत राहायचे. "एकदा तरी वरनं आपलं घर बघायचं," हे त्यांचं वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. नोकरीच्या निमित्ताने अमेरिकेत गेले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी पैसे साठवून शिकायला लागले आणि ६८ तासांच्या शिक्षणानंतर चेकराइड, म्हणजे परवान्याची शेवटची उड्डाण चाचणी, पास झाले. आज लॉगबुकात २१२ तास आहेत. बाबा आता ७९ वर्षांचे आहेत. घाई का आहे, ते यावरून कळावं.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्या वाचकांसाठी थोडं सांगते. खासगी वैमानिक परवाना, म्हणजे पीपीएल, हा हौशी माणसाचा परवाना. त्यावर विमान उडवता येतं, घरच्यांना, मित्रांना सोबत नेता येतं, पण त्याचा मोबदला घेता येत नाही. जगभरातल्या या परवान्यांचा पाया एकच आहे. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागो करार झाला, त्यातून आयकाओ ही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली, आणि तिच्या पहिल्या परिशिष्टात पीपीएलसाठी किमान काय लागतं ते लिहिलेलं आहे: वय १७ पूर्ण, एकूण ४० तास उड्डाण, त्यात १० तास एकट्याने, त्यातले ५ तास एकट्याने क्रॉस-कंट्री, म्हणजे दूरच्या ठिकाणापर्यंत, आणि त्यात एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. भारताचे ४० तास यातूनच आलेले, अमेरिकेचे ४० तासही यातूनच आलेले. ब्रिटन आणि युरोपने ४५ केले, कॅनडानेही ४५.

माझी ती मोठी फेरी होती लिव्हरमोर, सलिनास, मर्सेड आणि परत लिव्हरमोर. सलिनासला समुद्रावरून ढग आत सरकत होते. उतरू की मागे फिरू, हा निर्णय मला एकटीला घ्यायचा होता. मी वर दोन घिरट्या मारल्या, धावपट्टी आणि ढगाची कड यांच्यातलं अंतर डोळ्याने मोजलं, आणि मगच उतरले. त्या दिवशी जे शिकले ते देश बदलल्याने विसरले नाही. हवा कॅलिफोर्नियातही तीच, बारामतीतही तीच. पंखावर दाब कसा कमी होतो, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ कसा धरतो, वाऱ्याने विमान किती अंश वाहवतं, हे शास्त्र कोणत्याही देशाचं नागरिकत्व घेत नाही.

आता माझ्या तक्रारी. एकेक मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की, जे सारखं आहे तेच पुन्हा तपासलं जातं. भाच्याचं उदाहरण घेते. अमेरिकेच्या नियमांत ६१.७५ नावाचं एक कलम आहे. आयकाओच्या सदस्य देशाचा पीपीएल हातात असेल, तर अमेरिका त्या देशाकडे परवान्याच्या खरेपणाची विचारणा करते. उत्तर आलं की अर्जदार पासपोर्ट आणि मूळ परवाना घेऊन हजर राहतो, इंग्रजी नीट बोलतो-समजतो की नाही हे बघितलं जातं, आणि भारतीय परवान्याच्या आधारावर अमेरिकन प्रमाणपत्र मिळतं. नव्याने लेखी परीक्षा नाही. भारतीय मेडिकलही चालते. विमान घेऊन निघण्याआधी तिथल्या प्रशिक्षकाबरोबर फ्लाइट रिव्ह्यू करायचा: किमान एक तास जमिनीवर बसून नियमांची उजळणी, किमान एक तास हवेत. प्रमाणपत्रावर स्पष्ट छापलेलं असतं की ते मूळ भारतीय परवाना सोबत असेल तरच वैध. आणि मूळ परवान्यावरची बंधनंही सोबत येतात. भाच्याच्या परवान्यावर रात्रीची मुभा नव्हती, म्हणून ती त्याला अमेरिकेतही मिळाली नाही. मला यात कुठेही ढिलाई दिसत नाही.

उलट दिशेने काय झालं? माझ्या परवान्याची पडताळणी झाली. ती व्हायलाच हवी. पण त्यानंतर हवाई नियमांबरोबर नेव्हिगेशन (हवेतला मार्ग काढणं) आणि हवामान हे विषयही पुन्हा आले. रेडिओची परीक्षा वेगळी. क्लास-२ मेडिकल नव्याने. उड्डाण चाचण्या नव्याने. आणि प्रत्येक टप्प्याची कागदपत्रं वेगळ्या गठ्ठ्यात. मी हे सगळं करत आले, कटकट केली नाही. अभ्यासाची मला भीती नाही. रात्री मुलगी झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी वाऱ्याचे त्रिकोण, म्हणजे वाऱ्यात विमान मार्गावर ठेवायचं गणित, पुन्हा सोडवले. पण प्रश्न विचारावासा वाटतो: सलिनासला उतरताना मी हेच गणित जिवावर बेतेल अशा ठिकाणी सोडवलं होतं, ते परीक्षेत पर्याय निवडून दाखवल्याने कोणाची सुरक्षितता वाढली?

कागदपत्रं तीनदा परत का आली, तेही सांगते, कारण ही अडचण महाराष्ट्रातल्या हजारो बायकांची आहे. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं नाव. पासपोर्टवर आणि अमेरिकन परवान्यावर आधी माझं नाव आणि शेवटी सासरचं आडनाव. लग्नाचा दाखला जोडला, प्रतिज्ञापत्र जोडलं, राजपत्रातली नोंद जोडली. तरी एका खिडकीवर "नाव जुळत नाही" हाच शेरा. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्यासमोरच्या रकान्यात एकच नाव बसत होतं. पण बाईचं नाव बदलतं हे आपल्या समाजाने ठरवलेलं आहे. त्याचा भुर्दंड तिनेच तीन-तीनदा का भरावा?

दुसरी तक्रार याच्या नेमकी उलट आहे. जे खरोखर वेगळं आहे, ते शिकवण्याची आणि तपासण्याची नीट सोय नाही.

परत आल्यावर मी एका फ्लाइंग स्कूलमध्ये प्रशिक्षकाला सोबत घेऊन तासभर उडाले. इंजिन सुरू केल्यावर रेडिओवर हवेचा दाब मिळाला: एक शून्य शून्य आठ, म्हणजे १००८ हेक्टोपास्कल. मी आल्टिमीटरच्या, म्हणजे दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्राच्या, छोट्या खिडकीकडे हात नेला आणि थांबले. दहा वर्षं मी तो आकडा पाऱ्याच्या इंचांत ऐकला होता, २९.९२ वगैरे. त्या विमानाच्या खिडकीतही इंचच होते. शेजारच्या तक्त्यात बघून २९.७७ लावेपर्यंत अर्धं मिनिट गेलं. जमिनीवर होते म्हणून हरकत नव्हती. सह्याद्रीच्या कड्यांजवळ, ढगाखाली, उतरायच्या गडबडीत हे अर्धं मिनिट महागात पडू शकतं.

असे खरे फरक बरेच आहेत. अमेरिकेत १८,००० फुटांपर्यंत स्थानिक दाब लावूनच उंची मोजतात. आपल्याकडे संक्रमण उंची, म्हणजे ज्या उंचीनंतर सगळे एकच प्रमाण दाब लावतात ती, बहुतेक ठिकाणी त्याच्या कितीतरी खाली आहे आणि विमानतळानुसार बदलते. अमेरिकेत स्वच्छ हवेत मी फ्लाइट प्लॅन न भरता निघू शकत होते आणि टॉवर नसलेल्या धावपट्टीवर रेडिओवर स्वतःच घोषणा करत उतरत होते. आपल्याकडे फ्लाइट प्लॅन, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी नंबर या गोष्टी आधी. पुण्याचा लोहगाव तळ हवाई दलाचा, त्याच्या आसपासचं आकाश वेगळ्या शिस्तीचं. आणि पावसाळा! जूनमध्ये घाटमाथ्यावर तासाभरात काय होतं हे कॅलिफोर्नियात शिकलेल्या माणसाला कोण सांगणार? यावर मला कोणीही अर्ध्या दिवसाचा वर्ग घेतला नाही. मी मागितला, तर "अभ्यासक्रमात नाही" असं उत्तर मिळालं.

तिसरी गोष्ट. परदेशी परवान्याला तात्पुरती मान्यता देणं आपल्याला नवीन नाही. एअरलाइन्सना परदेशी वैमानिक लागले तेव्हा आपण त्यांच्यासाठी 'फाटा' नावाची तात्पुरती परवानगी ठेवली, आणि त्यांनी परदेशी परवान्यावर भारतीय प्रवाशांनी भरलेली विमानं चालवली. ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, त्यांची तपासणी होत होती. पण मग चार सीटच्या विमानात स्वतःच्या वडिलांना बसवणाऱ्या बाईसाठी तशी छोटीशी सोय का नसावी? हीच अडचण दिवाळीला तीन आठवडे घरी येणाऱ्यांची आहे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात विमान शिकलेले कितीतरी मराठी लोक मी स्वतः ओळखते. त्यांच्यापैकी एकानेही इथे येऊन उडण्याचा विचारसुद्धा केलेला नाही.

चौथी तक्रार खर्चाची, आणि ही इथेच परवाना काढलेल्या वैमानिकांचीही आहे. मोबदला घ्यायचा नाही हे तत्त्व सगळीकडे सारखं. पण मोबदला म्हणजे काय, हे अमेरिकेने उलगडून लिहिलं: इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क आणि विमानाचं भाडं, एवढेच खर्च वाटून घेता येतात, आणि वैमानिकाने स्वतःचा पूर्ण वाटा भरलाच पाहिजे. चौघं असाल तर पाव हिस्सा तुमचा. युरोपातही खर्च वाटून घेता येतो, वैमानिक धरून जास्तीत जास्त सहा जणांत. कॅलिफोर्नियात आम्ही मैत्रिणी हाफ मून बेला न्याहारीला जायचो, परत आल्यावर पावती टेबलावर ठेवून चार भाग करायचो. मी इथे उडायला लागले आणि नणंदेने इंधनाचे पैसे पुढे केले, तर घ्यायचे की नाही? चूक होऊ नये म्हणून मी घेणार नाही. पण प्रामाणिक माणसाला असं अंदाजाने वागावं लागू नये. नियमात दोन सरळ ओळी लिहिल्या की काम झालं.

पाचवी तक्रार लहान आहे. अमेरिकन परवान्यावर 'एक इंजिन, जमिनीवरचं विमान' असा वर्ग लिहिलेला असतो. नवं मॉडेल उडवायचं तर प्रशिक्षकाबरोबर एक-दोन फेऱ्या आणि विमा कंपनीचं समाधान, बस्स. आपल्याकडे परवान्यात विमानाचा प्रकार नोंदवण्याची पद्धत आहे. सेस्ना १५२ वरून १७२ वर जाणं म्हणजे फार तर दोन सीट वाढणं. हलक्या एक-इंजिनी विमानांसाठी सगळ्यांनाच सुरुवातीपासून वर्गाची नोंद पुरावी.

काय मागत नाही, तेही सांगते, नाहीतर ही बाई सगळंच अमेरिकेसारखं करा म्हणते असा समज होईल.

रात्रीच्या उड्डाणाचा आग्रह मी धरत नाही. अमेरिकेत पीपीएलमध्येच रात्रीचं शिक्षण येतं, मी तसं उडालेही आहे. युरोपात त्यासाठी ५ तासांचं वेगळं नाइट रेटिंग लागतं. आपल्याकडे सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बाहेर बघत केलेल्या, उड्डाणाला मनाई आहे. एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) मुभा दिलेली स्थानिक आणि फ्लाइंग क्लबची प्रशिक्षण उड्डाणं तेवढी वेगळी. ब्रिटननेसुद्धा रात्रीचं व्हीएफआर २०१२ साली खुलं केलं. आपल्या लहान धावपट्ट्यांवर दिव्यांची आणि हवामानाच्या माहितीची सोय होईपर्यंत ही मनाई मला पटते.

मेडिकल सैल करा असंही मी म्हणत नाही. अमेरिकेत २०१७ पासून बेसिकमेड नावाची सवलत आहे, त्यात घरच्या डॉक्टरच्या तपासणीवर भागतं. पण ती आयकाओच्या चौकटीत बसत नाही. मी क्लास-२ केली आणि यापुढेही करत राहीन.

तुमच्या हक्काचीही मला जाणीव आहे. शिकागो कराराच्या ३२ व्या कलमानुसार, आपल्याच नागरिकाने परदेशात काढलेला परवाना आपल्या हद्दीत न मानण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. पण हा अधिकार आहे, सक्ती नाही. तो कुठे वापरायचा, कुठे नाही, हे तुम्ही ठरवू शकता, आणि इतरांनी ते ठरवून दाखवलं आहे. कॅनडा आणि अमेरिका यांच्यात २००६ पासून अशी व्यवस्था आहे की दुसऱ्या देशाच्या नियमांची छोटी लेखी परीक्षा दिली की परवाना मिळतो. युरोपियन युनियन परक्या देशाच्या पीपीएलधारकाकडे १०० तासांचा अनुभव, दोनच विषयांची परीक्षा (हवाई कायदा आणि मानवी क्षमता), मेडिकल, भाषेची पातळी आणि एक उड्डाण चाचणी मागते. विषय निवडलेत बघा: जो देशागणिक बदलतो तो कायदा, आणि ज्यामुळे अपघात होतात तो माणूस.

याच युरोपात एक वेगळंही घडलं. ब्रिटन बाहेर पडलं आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश परवाना युरोपात नोंदलेल्या विमानांवर चालेनासा झाला. आदल्या संध्याकाळपर्यंत जे वैमानिक पात्र होते, ते सकाळी अपात्र ठरले. त्यांच्या हातातली कला रात्रीत कमी झाली नव्हती. परवान्याच्या सीमा माणसं आखतात, म्हणूनच त्या बदलण्यासाठी माणसांना पत्र लिहिता येतं.

आणि हे पत्र आत्ताच का? कारण १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, १९३४ चा जुना कायदा गेला. रेडिओची परीक्षा दूरसंचार खात्याकडून विमान वाहतुकीच्या बाजूला आली. ते फार चांगलं झालं, दोन दारांऐवजी एक दार राहिलं. २०२३ मध्ये व्यावसायिक परवान्यांची मुदत पाचवरून दहा वर्षं झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्यावसायिक वैमानिकांना मोबाइलवरचा परवाना मिळाला. प्रत्येक सुधारणेचं मी मनापासून स्वागत केलं आणि प्रत्येक वेळी यादीत आमचं नाव शोधलं. या देशातला पहिला परवाना १० फेब्रुवारी १९२९ ला जेआरडी टाटांनी घेतला, तेव्हा ते चोवीस वर्षांचे हौशी तरुण होते. जुहूच्या धावपट्टीवर टपाल घेऊन ते उतरले ते तीन वर्षांनंतर, १९३२ मध्ये. ती हौस आधी नसती, तर ते टपालाचं विमान कुठून आलं असतं?

म्हणून माझ्या मागण्या:

आयकाओच्या सदस्य देशाचा पीपीएल आणि किमान १०० तासांचा अनुभव असलेल्या भारतीयाला, परवान्याची पडताळणी झाल्यावर, भारतीय हवाई कायदा आणि रेडिओ पद्धती एवढ्याच विषयांची परीक्षा, क्लास-२ मेडिकल आणि एक उड्डाण चाचणी यांवर भारतीय पीपीएल द्यावा. त्या चाचणीत आल्टिमीटर, एडीसी-एफआयसीची पद्धत, लष्करी आकाश, घाटातलं आणि पावसाळ्यातलं हवामान हे कसून बघावं. माझीही घ्या, हवी तेवढी कडक घ्या.

सुट्टीवर येणाऱ्यांसाठी ३० दिवसांची तात्पुरती मान्यता असावी: फक्त दिवसा, फक्त व्हीएफआर, ठरलेल्या विमानतळांवरून, इथल्या प्रशिक्षकाच्या सहीनंतर.

खर्च वाटून घेण्याबद्दलचा नियम सोप्या भाषेत लिहून जाहीर करावा. हलक्या विमानांना वर्गाची नोंद पुरेशी मानावी.

विवाहामुळे नाव बदललेल्या अर्जदारासाठी अर्जात जुन्या नावाचा वेगळा रकाना असावा आणि लग्नाचा दाखला एकदाच घेतला जावा. एवढं तर नियम न बदलताही होईल.

आणि प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतील, ते लिहून द्यावं. मला उशिरापेक्षा अनिश्चिततेचा त्रास जास्त झाला. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "कागद आला का गं?" पुढच्या वेळी त्यांना तारीख सांगता यावी, एवढं तरी करा.

कागदपत्रं मी चौथ्यांदा पाठवली आहेत. लॉगबुक तपासायचं असेल तर बोलवाल तिथे, बोलवाल त्या दिवशी घेऊन येईन.

आपली,
एक खासगी वैमानिक
हडपसर, पुणे